चार हजारांच्या पुढे

तीनदा नाव पुकारलं म्हणे.
शेजारच्या बाईनं कोपर लावलं तेव्हा उठलो.
सुपडू. आधीची दोन गेली म्हणून आईनं मला
जन्मताच सुपात घालून उकिरड्यावरून ओढलं होतं.
पुढचं आयुष्यही पाखडण्यातच गेलं:
जळगावची डाळ मिल, एमआयडीसी,
एकतीस वर्षं, रोलरला खेटून.

काचेची खोली. भिंतींना करडी, जाड गोदडी.
पोरगी शिरपूरची, ऋग्वेदा नाव.
कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं.
"कितीही बारीक आलं तरी दाबा, काका."
दार लागलं.

आणि त्या शांततेत काय ऐकू यावं?
मिल.
मिलला सुट्टी होती त्या दिवशी.
पण इथे तूर भरडली जात होती,
एलेव्हेटर फिरत होता, चाळणी थडथडत होती.
मी बटण दाबलं.
काचेपलीकडून तिनं मान हलवली:
अजून काही वाजवलंच नाही.

मग कागद. उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या.
आधी सगळं सपाट, आणि एकदम
कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे एसटी उतरावी तशी रेघ.
"चार हजारांच्या पुढे फार काही उरलं नाही," ती म्हणाली,
"जाड आवाज येतील. बारीक आधी जातात.
पाखरं. कुकरची शिट्टी लांबून.
बोलण्यातला स."

एका अक्षरावाचून काय अडतं, म्हटलं.

एरंडोलच्या गाडीत पाळधीपर्यंत तसाच बसलो.
मग उमगलं.
आमच्या अहिराणीत चालू घडीचं सगळं
स वर येऊन थांबतं.
करस. जास. लेस. बठस.
झालेलं नीट पोचतं मला: गया, उना, बठना.
आजचंच तेवढं
शेपूट तुटून येतं.

देवका पारोळ्याची. सात-आठ वर्षं मला वाटत होतं
हिची जीभ फटकळ झाली.
चहा पुढे करत, "ले."
ओट्यावर सरकून, "बठ."
रात्रपाळीला निघालो की दारातून, "जा."
मग मीही तसाच झालो. ताट सारलं, पाठ फिरवली.
ती विचारत होती.
लेस? बठस?
जास?
आणि मी हुकूम पाळत राहिलो.

शेठनं आणली होती एकदा कानाची बुचं,
पिवळी, दोरीला बांधलेली.
आम्ही हसलो, हे काय डूल घालायचं वय आहे.
खिळ्यावर टांगली, कोंडा बसत गेला.
कान ठणकला की लसणाचं तेल, कोमट करून.
डॉक्टर म्हणाले, ते तेल वरणावर घाला, कानात नको.
कापसाच्या मुलखातला माणूस मी,
बोळाही घातला नाही कधी.
बोळ्यानंही भागलं नसतं, असं आता कळतं.

दुसऱ्या दिवशी नवी बुचं मागून घेतली,
चाळणीवरच्या मोईनच्या कानांत बसवली,
कानाची पाळी वर ओढून, पोरीनं दाखवलं तशी.
एकोणीस वर्षांचा आहे. ओरडला,
"चाचा, काहीच ऐकू येत नाही!"
म्हटलं, आज नाही. पुढे येईल.
त्याला ते ऐकू गेलं नाही, बरोबरच होतं.

मशीन पंधरा दिवस वापरून बघा म्हणालेत,
नंतर हप्ते.
घरात फार खरखर आहे, मला माहीत नव्हतं.
झाडू, पिशवी, तव्यावरून सुटणारी भाकर,
माझाच सदरा माझ्या अंगावर.
दोनदा काढून ठेवलं.

देवका समोर येऊन बसली,
कानाशी वाकून बघितलं, वाल कसा चिकटलाय तसं,
मग मागे सरून, नेहमीच्या आवाजात,
"आते ऐकू येस?"

शेवटचं अक्षर येईपर्यंत थांबलो.
मांडीवर अंगठा
आपसूक दाबला गेला.